पंचनाम्याआधी विचारपूस करा

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
(मा. जिल्हाधिकारी यांच्यामार्फत)

विषय : शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मागण्या

महोदय,

आम्ही मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू तालुक्यातले शेतकरी, बटाईदार आणि शेतमजूर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात शेतीवर जगणाऱ्या 11,290 जणांनी आत्महत्या केली. त्यांतले 4,248 महाराष्ट्रातले. अशा घरी तलाठी येतो, पोलीस येतात, कागद होतात, प्रकरण पात्र की अपात्र यावर समिती बसते. हीच यंत्रणा माणूस जिवंत असताना दारात यावी, असे आमचे म्हणणे आहे.

शासनाने काहीच केले नाही, असे नाही. 2015 साली 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प आला, आशाताई घरोघर विचारू लागल्या. पण ते विचारणे होते कसे? ओसरीवर आई, बायको, पोरे बसलेली. गल्लीतलीच सून हातात फॉर्म घेऊन सासऱ्याच्या वयाच्या माणसाला विचारते, "मामा, झोप लागते का?" मामा म्हणतात, "लागती की." फॉर्मवर खूण होते आणि ताई पुढच्या घरी जाते. दोष तिचा नाही. चारचौघांत, तेही सुनेजवळ, कोण मन मोकळे करील? म्हणून पुरुषांशी बोलायला प्रशिक्षित पुरुष कार्यकर्ते नेमा. ते बोलणे घरात नको. दूध डेअरीवर, कृषी सेवा केंद्रापाशी, पारावर होऊ द्या. बायांचे मन आशाताईंपाशीच मोकळे होते. त्यांना या कामाचा वेगळा मोबदला द्या. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून शेतकरीण या विचारपुशीतून वगळली जाते, हेही थांबवा.

बोलल्यावर औषध लागले तर पुढे काय? राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूरला. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. जिल्ह्याला जायचे तर एसटीचे भाडे लागते, दिवसाची मजुरी बुडते, वर "वेड्याच्या डॉक्टरकडे गेला" ही गावभर चर्चा. आठवड्यातून एक ठरलेला दिवस ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ बसावा. महिन्याची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळावीत. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक पीककर्जाच्या पासबुकावर, खताच्या पावतीवर आणि डेअरीच्या स्लिपवर छापा.

आता वसुली. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, हे आम्ही स्पष्ट लिहितो. दुष्काळ जाहीर झाला की शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती मिळते, पण बचत गटातल्या बाईच्या नावावरचा मायक्रोफायनान्सचा हप्ता थांबत नाही. वसुलीवाला दारात बसून राहतो. दाराशी बसलेल्या त्या माणसाला सगळी गल्ली बघते, आणि रकमेपेक्षा ते जास्त लागते. स्थगिती या कर्जांनाही लागू करा. थकबाकीदारांची नावे फलकावर लावणे बंद करा. ऐन पेरणीत सिबिल दाखवून पीककर्ज नाकारणाऱ्या बँकेकडून लेखी खुलासा घ्या, नाहीतर माणूस सावकाराकडे जातो. दुसरी वाटच नसते.

आत्महत्येच्या प्रयत्नातून जो एकदा वाचला, त्याला धोका सर्वांत जास्त. तरी घरचे लपवतात, कारण केस होईल ही भीती. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायचे असते आणि त्याची काळजी व उपचार ही शासनाची जबाबदारी आहे. हे दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात मराठीत लावा. रुग्णालयातून सुट्टी झाल्यावर आठवड्याच्या आत कार्यकर्त्याने घरी जावे, पुढे वर्षभर जात राहावे. अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर श्रीलंकेत आत्महत्या घटल्या. आपल्याकडेही तशी बंदी घालून तिची नीट अंमलबजावणी करा. गावात फवारणीच्या औषधांसाठी सामाईक, कुलूपबंद खोली द्या.

मागे राहिलेल्यांसाठीची मदत 2006 सालच्या निर्णयाप्रमाणे एक लाख रुपये ठरली, त्यातले 30 हजार हाती आणि बाकी ठेवीत. आजच्या भावात ही रक्कम वाढवा. बटाईदाराच्या नावावर जमीन नसते, म्हणून त्याच्या घरच्यांना अपात्र ठरवू नका. विधवेचे वारसनोंदीचे काम तलाठ्याने स्वतः येऊन करावे.

या मागण्यांवर मृगाआधी बैठक लावावी. बैठकीला आशाताई, बचत गटाच्या बाया आणि बटाईदार यांना बोलवावे. खुर्च्या कमी पडल्या तर सतरंज्या आम्ही आणू.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद