कॉन्सुल : रोमच्या सत्ताधाऱ्यापासून पवईच्या कैद्यापर्यंत

वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीबाहेरची रांग मुंबई उपनगरांच्या चांगल्या परिचयाची आहे. २०११ साली ही वकिलात ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमधून इकडे आली आणि ‘कॉन्सुलेट’ म्हणजे व्हिसाची खिडकी, हे समीकरण बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत अधिकच पक्के झाले. ते किती अपुरे आहे, हे याच उपनगरातील पवईच्या एका कुटुंबाला २०१६ पासून ठाऊक आहे.

मूळ रोमन कॉन्सुल हा दूत नव्हेच. राजेशाही संपल्यावर रोमने दरवर्षी दोन कॉन्सुल निवडले. एकाचा निर्णय दुसऱ्याला रोखता येई. पुढे मध्ययुगात भूमध्य समुद्राकाठच्या बंदरांत इटालियन व्यापाऱ्यांच्या वसाहतींनी आपल्या प्रमुखाला हेच नाव दिले. तो आपल्या लोकांचे तंटे सोडवी आणि स्थानिक सत्ताधीशापुढे त्यांची बाजू मांडी.

मराठीत आपण त्याला ‘वाणिज्यदूत’ केले आणि अर्थाचा निम्मा भाग गमावला. त्यापेक्षा जुना ‘वकिलात’ हा शब्द अधिक नेमका आहे. पेशवाईत परदरबारी राहणारा तो वकील, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. परक्या तुरुंगातील माणसाला व्यापारी प्रतिनिधी नको असतो, वकील हवा असतो.

१९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमात नेमके हेच आहे. परदेशी नागरिकाला अटक झाली तर त्याला त्याचा हक्क विनाविलंब सांगायचा, त्याची इच्छा असल्यास त्याच्या देशाच्या प्रतिनिधीला कळवायचे आणि भेटीची मुभा द्यायची.

कुलभूषण जाधव हे सांगलीत जन्मलेले, पवईत घर असलेले, नौदलातील माजी अधिकारी. ३ मार्च २०१६ रोजी आपण त्यांना बलुचिस्तानात पकडले, असे पाकिस्तान सांगतो; इराणमधून त्यांचे अपहरण झाले, असे भारताचे म्हणणे. भारताला अटकेची खबर मिळाली २५ मार्चला. भेटीची मागणी डझनाहून अधिक वेळा झाली. ती मान्य न करताच लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये फाशी सुनावली.

त्या वर्षी नाताळच्या दिवशी इस्लामाबादेत आई आणि पत्नीची त्यांच्याशी भेट झाली, तीही काचेआडून. आईला मराठीत बोलू दिले नाही, बोलणे वारंवार तोडले गेले, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केले. सोबत गेलेल्या भारतीय उपउच्चायुक्तांना आणखी एका पडद्यापलीकडे बसवले होते. वकिलाला बहिरा करून बसवण्याचा याहून उघड प्रकार सापडणे कठीण.

१७ जुलै २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी ३६ व्या कलमाचा भंग झाल्याचा निर्णय दिला. हेरगिरीचा आरोप असला तरी हा हक्क जात नाही, हे त्यातील सर्वांत मोलाचे वाक्य. आपल्याकडे मात्र हा निकाल सुटकाच झाल्यासारखा साजरा झाला. न्यायालयाने शिक्षा रद्द केली नव्हती. फेरविचार करा आणि भेट द्या, एवढेच सांगितले होते. २ सप्टेंबर २०१९ ला अखेर भारतीय अधिकारी त्यांना भेटले, अटकेनंतर साडेतीन वर्षांनी.

हा हक्क फक्त आपल्या माणसापुरता मागता येत नाही. मुंबईने ते पाहिले आहे. २००८ च्या हल्ल्यानंतर जिवंत सापडलेल्या कसाबने पाकिस्तानी उच्चायोगाला लिहिलेले पत्र भारताने त्याच डिसेंबरात पाकिस्तानच्या हवाली केले. पाकिस्तान तेव्हा त्याला आपला मानायलाही तयार नव्हता. अनेकांना ती कृती अनाठायी औदार्य वाटली. पण हेगमध्ये ताठ मानेने उभे राहायचे तर असेच वागावे लागते.

आणि जाधवांचे नाव तरी देशाला ठाऊक आहे. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे पालघरचे मच्छीमार सागरी हद्द ओलांडल्यावरून पकडले जातात आणि कराचीच्या तुरुंगात पोहोचतात. २००८ च्या भारत-पाकिस्तान कराराप्रमाणे अटकेपासून तीन महिन्यांत त्यांना भारतीय अधिकारी भेटला पाहिजे. पण कराचीतील भारतीय वकिलात १९९४ पासून बंद आहे. अधिकारी यायचा तो इस्लामाबादहून. ती वकिलात पुन्हा उघडण्याची मागणी महाराष्ट्रातून जोराने व्हायला हवी होती. उलट मे २०२५ पासून दोन्ही उच्चायोगांतील माणसे ५५ वरून ३० वर आली. कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण मात्र दर १ जानेवारी आणि १ जुलैला होते.