मासा पकडा, फोटो काढा, सोडून द्या! समुद्रातलं हे महागडं पर्यटन भंडाऱ्यात चालेल का?

असा एखादा रील तुमच्याही समोर आला असेल. गुडघाभर निळंशार पाणी, हातात लांब, लवचीक काठी. माणूस डोक्यावरून दोर भिरकावतो, मासा लागतो, फोटो निघतो आणि मासा परत पाण्यात. हे बहुतेक वेळा सेशेल्स, बहामाज किंवा प्रशांत महासागरातल्या किरितिमातीसारख्या बेटावरचं दृश्य असतं. गाईडसह आठवडाभराच्या सहलीसाठी लोक काही लाख रुपये मोजतात. आणि घरी एकही मासा नेत नाहीत.

आता याचा भंडाऱ्याशी काय संबंध? इथून समुद्र तर शेकडो किलोमीटर लांब.

संबंध आहे तो गोसीखुर्दच्या पाण्याचा. २०२४ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते इथल्या जलपर्यटन प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. खर्च सुमारे १०० कोटी. त्याच वर्षी जानेवारीत आंभोऱ्याचा केबल पूल खुला झाला आणि वीकेंडला तिथे गर्दी होऊ लागली. चर्चा सगळी बोटींची आणि जलक्रीडांची. पण पाण्यात मासा आहे आणि काठावर त्याच्यावर जगणारा ढिवर समाज आहे. पर्यटनाचा पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचणार कसा, हा खरा प्रश्न. आणि त्याचं एक उत्तर या रील्समध्ये दडलेलं आहे.

पर्यटक नेमके पैसे कशाचे देतो?

साध्या गळात वजन आमिषाला असतं. ‘फ्लाय फिशिंग’मध्ये आमिष म्हणजे गळाला बांधलेली पिसं आणि दोरा, दिसायला कोळंबी किंवा किड्यासारखं. त्याला वजनच नाही. वजन असतं दोरीला, म्हणून ती हवेत फिरवून फेकावी लागते. खाऱ्या पाण्यात ‘बोनफिश’ नावाचा चंदेरी मासा यासाठी प्रसिद्ध आहे. तो पाण्यात जवळजवळ दिसतच नाही. नवख्याला तर नाहीच.

तो दिसतो गाईडला. वाळूवरची हलती सावली बघून तो सांगतो, अमुक दिशेला, इतक्या फुटांवर टाक. म्हणजे काठी पर्यटकाची असली तरी विकत घेतली जाते ती स्थानिक माणसाची नजर. ओहोटी कधी, मासा कुठे चरतो, वारा फिरला की कुठे जातो, हे त्यालाच ठाऊक. बहामाजमध्ये २०१० मध्ये आलेल्या एका अभ्यासात या मासेमारीची उलाढाल वर्षाला सुमारे १४ कोटी डॉलर असल्याचं म्हटलं होतं. बेलिझ या छोट्या देशाने तर २००९ मध्ये कायदाच केला, की बोनफिश, टार्पन आणि परमिट हे तीन मासे पकडले तर सोडावेच लागतील. तिथे जिवंत मासा मेलेल्यापेक्षा महाग ठरला.

भारतातही असा प्रयोग झालाय. कर्नाटकात कावेरीकाठी भीमेश्वरी, गालिबोरे इथे महसीर माशासाठी कॅम्प चालायचे. पूर्वी चोरून मासे मारणारे काही जण तिथे गाईड झाले. पण तो भाग अभयारण्याचा. तिथे गळ टाकणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, असं ठरलं आणि २०१० नंतर ते बंद पडलं. गाईडची रोजीही गेली.

मग गोसीखुर्दमध्ये?

इथे दोन अडचणी आहेत, आणि दोन्ही मोठ्या आहेत.

पहिली पाण्याची. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेत येतं. मासा बघून गळ टाकायचा खेळ गढूळ पाण्यात जमत नाही. नाग नदी शुद्धीकरणाची सुमारे १९०० कोटींची योजना मंजूर आहे, पण धरणात स्वच्छ पाणी दिसायला वेळ लागेल.

दुसरी हक्काची. जलाशयातली मासेमारी ठेक्याने दिली जाते आणि मच्छीमार सहकारी संस्था रोहू, कटला, मृगळाचं बीज पैसे मोजून सोडतात. एखाद्या रिसॉर्टने पर्यटकाला गळ दिला, तर लागलेला मासा कुणाचा? ‘आम्ही सोडून देतो ना’ हे उत्तर पुरेसं नाही. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. दमवून, फोटोसाठी हवेत धरून सोडलेला मासा नंतर मरू शकतो. विदर्भातला मे महिना आठवा! म्हणजे हंगाम फार तर थंडीचा.

खरं तर फ्लाय फिशिंगला धरणापेक्षा इथले मालगुजारी तलाव जास्त जवळचे आहेत. उथळ पाणी, काठाला पाणवनस्पती आणि त्यात दबा धरून बसलेला मरळ. पृष्ठभागावर बेडकासारखं काही हललं की तो झडप घालतो. कोहळी समाजाने बांधलेले असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव पूर्व विदर्भात नोंदवले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि अनेक गाळाने, बेशरमने भरले. शेजारच्या गोंदियात (१९९९ पर्यंत तोही भंडाराच) ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’सोबत ढिवर महिलांनी काही तलावांत स्थानिक पाणवनस्पती लावल्या, बेशरम काढली आणि देशी मासे परत आणायचं काम केलं.

कुठल्या तलावात मरळ आहे, हे त्यांना सांगावं लागत नाही. आणखी एक गोष्ट त्यांना माहीत असते. मरळाची जोडी पिल्लांच्या थव्याची राखण करते. तेव्हा मोठा मासा काढला, तर बाकीचे मासे पिल्लं फस्त करतात. पाहुण्याला ‘इथे आज गळ टाकू नका’ हे सांगणारा माणूस हवा, आणि त्याचं ऐकलं जाईल असा नियम हवा.

त्यासाठी १०० कोटी लागत नाहीत. लागतं इतकंच, की गळाचा परवाना पर्यटन कंपनीने नाही तर ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेने द्यायचा, शुल्क तिच्याच खात्यात जायचं आणि गाईड तिचाच सभासद असायचा. बोटींच्या निविदा काढताना ही अट घालता येते. करार झाल्यावर ती घुसवणं मात्र अवघड जातं.