नाक घासून शिस्त लागते का?

घरात कुत्र्याचे पिल्लू आले, की पहिल्याच आठवड्यात एक सल्ला हमखास मिळतो : "घाण केली की तिथेच नाक घासा आणि दोन रट्टे द्या, पुन्हा करणार नाही." हा सल्ला इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो, की तो तपासून पाहावा असे कुणाला वाटतच नाही. मला तो निर्दय तर वाटतोच, पण त्याहीपेक्षा निरुपयोगी वाटतो.

दोन महिन्यांच्या पिल्लाचा आपल्या लघवीवर पुरता ताबा नसतो. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून दमल्यावर त्याला जावे लागते, म्हणजे लागतेच. आपण कॉलेजातून घरी येतो, बाहेरच्या खोलीत थारोळे पाहतो आणि हात उगारतो. पिल्लाला मार मिळाला तो कशाबद्दल? तासापूर्वी केलेल्या शूबद्दल खासच नव्हे. त्याच्या लेखी मालक घरी आल्याबद्दल! मग ते पलंगाखाली लपून कार्यभाग उरकू लागते. यावर आपण म्हणतो, 'काय बेरकी आहे पाहा!' आणि पुन्हा मारतो.

"पण त्याला चूक कळते, चेहरा कसा पाडते ते पाहा," असेही काही जण सांगतात. अमेरिकेत अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली हेच तपासले. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला आहे की नाही, यावर तो 'अपराधी' चेहरा अवलंबून नव्हता. मालक रागावला की नाही, यावर होता. न खाणाराही तसाच दिसे.

आणि आपण तर मानसशास्त्राचे विद्यार्थी! थॉर्नडाइकचा परिणामाचा नियम परीक्षेत घडाघडा लिहितो. पण बक्षिसाने सवय जितकी पक्की होते तितकी शिक्षेने ती मोडत नाही, अशी दुरुस्ती त्यानेच पुढे आपल्या नियमात केली. ती मात्र उत्तरपत्रिकेतच राहते.

मग लाड करावेत काय? मुळीच नाही. उलट या मार्गात शिस्त अधिक कडक आहे, फक्त ती माणसाला लावायची आहे. ठरल्या वेळी, ठरल्या जागी पिल्लाला न्यायचे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गॅलरीत रद्दी पसरावी. काम झाले की तिथल्या तिथे शाबासकी आणि पोळीचा तुकडा द्यायचा. घरात येऊन दिला तर तो घरात आल्याबद्दलचा ठरतो. चुकलेच, तर मुकाट्याने पुसायचे आणि वास राहू द्यायचा नाही, कारण वासावरून ते पुन्हा तीच जागा शोधते. हाताला दात लावले, तर खेळ थांबवून उठून जायचे. खेळ बंद होणे ही पिल्लाला पुरेशी शिक्षा असते.

या साऱ्याला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. इथेच आमची हौस संपते, आणि चार महिन्यांचे पिल्लू 'वळणच नाही' असा ठपका घेऊन बाजाराच्या रस्त्यावर येते. १९६० च्या कायद्याने प्राण्याला मारहाण करणे हा गुन्हा आहे, आणि उपाशी मरायला सोडून देणे हाही. पण पोलिसांत कोण जाणार? म्हणून पिल्लू आणण्याआधीच घरात एक प्रश्न विचारला जावा : रात्री दोन वाजता त्याला खाली कोण नेणार? उत्तर 'आई' असे असेल, तर निदान तिला तरी आधी विचारा.