लसूण, मांस आणि बुद्धाचे पथ्य

कांदेनवमी झाली की अनेक घरांतून कांदा-लसूण चार महिन्यांसाठी रजेवर जातो. त्यानंतर थोड्याच दिवसांत, आषाढ पौर्णिमेला, बौद्ध विहारांतून वर्षावासाला आरंभ होतो. या दिवसांत आहाराविषयीचे दोन प्रश्न हमखास कानावर येतात. बौद्ध धर्मात मांस चालते की नाही? आणि कांदा-लसूण खरोखर प्रकृतीला वाईट असतो का? पहिला प्रश्न धर्माचा आणि दुसरा वैद्यकाचा, असे वरवर वाटते. परंतु अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खुसंघात हे दोन्ही प्रश्न उपस्थित झाले होते आणि त्यांची जी उत्तरे मिळाली ती आजही विचार करण्याजोगी आहेत.

मांसाचा नियम

प्रथम मांसाविषयी पाहू. भिक्खू स्वयंपाक करीत नसे. दारोदार फिरून पात्रात पडेल ते मध्यान्हापूर्वी खायचे, हा त्याचा नेम. अशा माणसाने 'हे नको, ते द्या' म्हणणे बसत नव्हते. म्हणून नियम झाला तो असा : प्राणी आपल्यासाठी मारलेला डोळ्यांनी पाहिला असेल, तसे ऐकले असेल किंवा तशी शंका जरी आली तरी ते मांस घ्यायचे नाही. या तिन्ही गोष्टी नसतील तर घेण्यास हरकत नाही. हा नियम मज्झिम निकायातील ज्या सुत्तात आला आहे ते सुत्त जीवकाच्या नावाचे आहे. जीवक म्हणजे तक्षशिलेत शिकलेला, राजगृहाच्या बिंबिसार राजाचा आणि खुद्द बुद्धाचा वैद्य. आहाराचा प्रश्न विचारणारा माणूस वैद्य असावा, हे आम्हा मंडळींना विशेष वाटते.

याशिवाय दहा प्रकारचे मांस पूर्णपणे वर्ज्य होते : माणूस, हत्ती, घोडा, कुत्रा, साप, सिंह, वाघ, चित्ता, अस्वल आणि तरस. त्यांची कारणे विनयपिटकात दिली आहेत आणि ती अगदी व्यवहारी आहेत. हत्ती-घोडे हे राजाचे वैभव. कुत्रा-साप खाणे लोकांना किळसवाणे वाटते. आणि हिंस्र श्वापदांचे मांस खाल्लेल्याच्या अंगाला येणाऱ्या वासाने तीच श्वापदे अरण्यात त्याच्यावर धावून येतात.

देवदत्ताने आणखी कडक नियमांची मागणी केली. भिक्खूंनी जन्मभर मासे-मांस खाऊ नये, अशी एक अट त्यात होती. बुद्धाने ती सक्ती नाकारली. ज्याला पाळायचे त्याने पाळावे, पण सर्वांवर लादू नये, असा त्याचा कौल होता. मूळचे गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' (१९४०-४१) या ग्रंथात मांसाहाराचा हा सगळा विषय आडपडदा न ठेवता मांडला आणि त्यावरून मोठे वादळ उठले. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत प्राणिमात्रावर दया आहे, दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मांसाविषयी स्वतंत्र प्रतिज्ञा नाही.

बाजूला बसलेला भिक्खू

आता लसणाकडे वळू. विनयपिटकात एक छोटी हकिकत आहे. बुद्ध धर्मोपदेश करीत होता. एक भिक्खू सर्वांपासून दूर, एका बाजूला बसला होता. चौकशी केल्यावर कळले, की त्याने लसूण खाल्ला होता आणि आपल्या तोंडाच्या वासाचा इतरांना त्रास होऊ नये म्हणून तो लांब बसला होता. तेव्हा ज्यामुळे अशा उपदेशापासून दूर बसावे लागते ते खाऊ नये, असा नियम झाला. पुढे सारिपुत्ताच्या पोटात वाताची कळ उठली. पूर्वी ही व्यथा कशाने बरी होत असे, असे विचारता तो म्हणाला, लसणाने. तेव्हा लगेच सवलत झाली : आजारी माणसाने लसूण खावा.

भिक्खुणींसाठीचा नियम निराळ्या कारणाने झाला. एका मळेवाल्याने त्यांना लसूण देऊ केला होता. त्यांनी तो इतका नेला की मळा रिकामा झाला. लोभ आवरावा म्हणून तिथे लसूण बंद झाला.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लसूण अपवित्र आहे, असे यात कोठेही म्हटलेले नाही. एका नियमामागे शेजाऱ्याचा विचार आहे, दुसऱ्यामागे देणाऱ्याचा. आणि आजारपणापुढे नियम मागे सरतो.

चीनमधील पाच उग्र भाज्या

कडक नियम आले ते पुढे, महायान पंथात. लंकावतार सूत्रात मांसाबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य ठरला. चीनमध्ये पाचव्या शतकापासून प्रचारात आलेल्या ब्रह्मजाल सूत्राने बोधिसत्त्वाच्या व्रतांत मांसत्याग आणि पाच उग्र भाज्यांचा त्याग घातला. लिआंग वंशाचा सम्राट वू (राज्यकाळ ५०२ ते ५४९) याने भिक्षूंनी दारू-मांस सोडावे म्हणून राजसत्तेचे वजन खर्ची घातले. तेव्हापासून चिनी विहार शाकाहारी झाले. व्हिएतनाम आणि कोरियातही तीच परंपरा रुजली. जपानच्या झेन मठांच्या दाराशी उग्र भाज्या आणि मद्य आत आणू नये, असे कोरलेले दगड अजून उभे दिसतात.

या पाच भाज्या म्हणजे लसूण, कांदा आणि त्यांच्या पातीसारख्या भाऊबंद वनस्पती. पाचवे नाव वाचून आपल्याकडच्या सुगरणी चकित होतील. ते आहे हिंग! आपण कांदा-लसूण सोडला की फोडणीत हिंग वाढवतो. चिनी भिक्षूच्या यादीत हिंगच वर्ज्य. एकाचे पथ्य ते दुसऱ्याचे कुपथ्य म्हणतात ते असे.

कारण काय, तर कच्च्या खाल्ल्या की या भाज्या राग वाढवतात आणि शिजवून खाल्ल्या की वासना, असे शूरंगम सूत्र सांगते.

वैद्यकाचे म्हणणे

राग आणि वासना लसणाने वाढतात, याला शरीरशास्त्राचा आधार नाही. ध्यानाला बसणाऱ्याने मन शांत ठेवण्यासाठी घेतलेले ते व्रत आहे. व्रत म्हणून ते उत्तम. रोगाचे कारण म्हणून सांगू नये. मात्र वास खरा आहे. पाकळी ठेचली की तिच्यातील दोन घटक एकत्र येऊन ॲलिसिन हे गंधकयुक्त द्रव्य तयार होते. त्यापासून झालेली काही द्रव्ये रक्तात मिसळून फुप्फुसांवाटे बाहेर पडतात. म्हणून दात घासले, चुळा भरल्या तरी वास जात नाही. तो भिक्खू लांब बसला ते बरोबरच होते.

कांदा-लसणात फ्रुक्टान नावाची शर्करा असते. ज्यांचे आतडे नाजूक आहे त्यांना तिच्यामुळे पोट फुगणे, गुबारा धरणे, असा त्रास होतो. त्यांनी कांदा-लसूण कमी केला तर बरे वाटते. इतरांना रोजच्या स्वयंपाकातील लसणाने अपाय होत नाही. दुसऱ्या टोकाला, लसूण खाऊन ब्लडप्रेशरची गोळी बंद करणारेही आहेत. लसणाने रक्तदाब थोडाफार उतरू शकतो, पण तो गोळीची जागा घेऊ शकत नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा ऑपरेशन ठरले असेल, तर लसणाच्या कॅप्सूल घेत असल्याचे डॉक्टरांना जरूर सांगावे.

मांसाविषयीही असाच समतोल हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज, बेकनसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवले आणि गाय, डुक्कर, बकरा यांच्या तांबड्या मांसाला बहुधा कर्करोगकारक म्हटले. तैवानमधील त्झू ची या बौद्ध संस्थेच्या हजारो स्वयंसेवकांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. त्यांतील शाकाहारी मंडळींत मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले. हे शाकाहाराच्या बाजूचे. परंतु ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांत ब-१२ कमी आढळले. हातापायांना मुंग्या, थकवा, जीभ लाल होणे, विसराळूपणा ही त्याची लक्षणे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते आणखी कमी होऊ शकते.

केवळ नियमाने आरोग्य मिळत नाही, याचेही उदाहरण आहे. थायलंडचे भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत. तरी त्यांच्यात लठ्ठपणा आणि मधुमेह बळावला. कारण भक्त पुण्य म्हणून गोडाधोडाचे व तेलकट पदार्थ देतात आणि संध्याकाळी चालणारी पेये साखरेची असतात. शेवटी २०१७ साली तेथे भिक्खूंच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय सनद करावी लागली. चातुर्मासात साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणे यांवर राहणाऱ्या आपल्या मंडळींनी यावरून बोध घ्यावा.

आजाऱ्याला सवलत देण्याची वृत्ती मात्र जुन्या काळापुरती राहिली नाही. दलाई लामांनी १९६० च्या दशकात मांस सोडले होते. पुढे काविळीचे मोठे दुखणे आले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी पुन्हा मांस घेतले. हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

नियम कोणासाठी?

आता मुख्य मुद्दा. पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान भारतात आला. मध्यदेशातील लोक कांदा-लसूण खात नाहीत, अपवाद फक्त चांडाळांचा, आणि ते गावापासून वेगळे राहतात, असे त्याने लिहून ठेवले. सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संगाने तर कांदा-लसूण खाणाऱ्याला नगराबाहेर काढतात, असे नोंदले. त्या बाजूला बसलेल्या भिक्खूची गोष्ट याच्याशेजारी ठेवून पाहा. कोणाला दूर बसावे लागू नये म्हणून जो नियम झाला, त्याच पदार्थावरून पुढे माणसांना दूर ठेवण्यात आले! तेव्हा पदार्थ बदलला नव्हता, वृत्ती बदलली होती.

ही वृत्ती आजही आपल्या गावांत आहे. भाडेकरूला खोली देताना त्याच्या स्वयंपाकघराची चौकशी होते. शाळेत डबा उघडल्यावर एखाद्या मुलाला बाजूला बसवले जाते. असे मूल डबा न खाताच परत नेते, पोषण बुडते आणि मनाला जखम होते ती वेगळीच. मुलाच्या डब्यातील अंडे किंवा सुकट हे त्याचे ब-१२ आणि प्रथिन आहे. त्याची थट्टा करणे हा आरोग्याचाच प्रश्न आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उलट बाजूनेही, व्रत पाळणाऱ्याला 'गवत खाणारा' म्हणून हिणवू नये, किंवा गंमत म्हणून त्याच्या भाजीत गुपचूप लसूण घालू नये. त्याने आपणहून घेतलेला नेम तो मोडायला आपण कोण?

तेव्हा या चातुर्मासात आणि वर्षावासात वाचकांनी एवढे करावे. मांस, कांदा, लसूण सोडायचे तर आनंदाने सोडावेत, पण बदली म्हणून डाळी, उसळी, ताक-दही, पालेभाज्या ताटात वाढवाव्यात. जेवणात लिंबू पिळावे, त्याने भाजीतील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. दूधही न घेणाऱ्यांनी आणि मुंग्या-थकव्याची तक्रार असणाऱ्यांनी ब-१२ तपासून घ्यावे. गरोदर स्त्रिया, बाळंतिणी, म्हातारी माणसे, क्षयाचे आणि मधुमेहाचे रोगी यांनी कडक नेम धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि घरातील आजाऱ्याने नेम मोडला म्हणून कोणी त्याला बोल लावू नये. सारिपुत्तासारख्या थोर शिष्यालाही आजारपणात लसणाची मोकळीक मिळाली. आपल्या सासूबाईंना सांधेदुखीच्या गोळीबरोबर वेळेवर दोन घास खायला लावण्यात कसले आले पाप?

पथ्य हे स्वतःच्या ताटापुरते असावे. ते शेजाऱ्याच्या ताटात डोकावू लागले, की त्याचे पथ्यपण संपते.