आधी पोरीचं तिकीट, मग बोधगया!



गेल्या रविवारी आमच्या कोपरगावच्या वस्तीतल्या विहारात बैठक झाली. जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांचं काय करायचं, एवढाच विषय होता. एक गट म्हणाला, बस ठरवू, बोधगया-सारनाथ करून येऊ. दुसरीकडून एक निवृत्त साहेब उठले. म्हणाले, "बोधगया नको आणि दरवर्षीचं सहा डिसेंबरचं दादरही नको. फिरण्यात पैसा घालवायचा कशाला? बाबासाहेबांनी शिका म्हटलंय, फिरा नाही." टाळ्या पडल्या.

मला हे दोन्ही गट चुकीचे वाटतात. का, ते सांगतो.

आधी साहेबांचं बघू. बाबासाहेब फिरले नाहीत, असं कोण म्हणतं? १९३४ साली चळवळीतले सहकारी सहलीला चला म्हणाले, तेव्हा ते वेरूळची बौद्ध लेणी पाहायला त्यांच्यासोबत गेले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाचं पाणी बाटवलं म्हणून काय प्रकार झाला, ते त्यांनीच लिहून ठेवलंय. १९२० साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला परत गेले, ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज यांच्या जोरावर. कर्ज काढून केलेला तो प्रवास फुकट गेला, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

त्याच्याही मागे जा. १९०१ साली सातारची मुलं वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनावर अडकली. जात कळल्यावर एकही गाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, वर गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचं. त्यातला एक मुलगा नऊ वर्षांचा भीमराव होता. आपल्या लोकांनी प्रवासासाठी दुप्पट मोजलंय. म्हणून "फिरणं म्हणजे चैन" हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही.

आता साहेबांना हिशेबाचा एक प्रश्न. नोकरीत असताना तुम्हाला रजा होती, रजेचा पगार होता. शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईला काय आहे? ती सहा डिसेंबरला दादरला जाते तेव्हा दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. तिकिटाचे पैसे सगळ्यांना दिसतात, हा खाडा कुणालाच दिसत नाही. तरीही ती जाते, कारण वर्षातून एकदा शिवाजी पार्कवर तिला आपली माणसं लाखाने दिसतात. येताना पिशवीत पोरासाठी पुस्तक असतं. वाचता येत नाही तरी तिने ते विकत घेतलेलं असतं. हा खर्च वाया गेला, असं तिच्यासमोर उभं राहून म्हणून दाखवा.

आता बोधगयावाले. तिथे जाऊ नये असं मी म्हणणार नाही. पण १९४९ च्या कायद्याने महाबोधी विहाराच्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य बसवलेत, हे बसमधल्या किती जणांना माहीत असेल? हे माहीत नसताना बोधिवृक्षाखाली सेल्फी काढून परत आलो, तर आपल्यात आणि तीर्थयात्रेवाल्यांत फरक काय राहिला?

बैठकीत मी एक प्रश्न विचारला, येवल्याची मुक्तिभूमी किती जणांनी पाहिलीय? चाळीसेक माणसांत सात हात वर झाले. येवला इथून एसटीने तासाभराच्या आत. बायांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट. १३ ऑक्टोबर १९३५ ला जिथे बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, ती जागा आपल्या शेजारी आहे. ती न बघता आपण थेट बिहारचं भाडं विचारतोय.

पण मला खरं बोचलं ते वेगळंच. मागच्या रांगेत बारावी झालेली एक पोरगी आईला घेऊन बसली होती. जातपडताळणीसाठी एका कार्यालयात तिचे तीन हेलपाटे झाले. दर वेळी एक कागद कमी निघाला. चौथ्या वेळी आईकडे भाड्याचे पैसे नव्हते, मजुरीचा खाडाही परवडत नव्हता. तारीख गेली. राखीव जागेवरचा तिचा प्रवेश आता लटकलाय. तिच्याच घरून जयंतीची वर्गणी आली होती. तरी दोन तासांच्या बैठकीत तिच्या एसटीच्या तिकिटाचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही, घरी आल्यावर सुचलं. म्हणून हा लेख.

कुणी म्हणेल, श्रद्धेचा हिशेब मांडू नये. मांडावा! पारखून घ्या म्हणणाऱ्या बुद्धाचे आणि रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी आहोत. कुठल्याही प्रवासाला पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. हा प्रवास नाही केला तर कुणाचं काय बुडेल? हेच जवळ आणि स्वस्तात मिळतं का? आणि परत येताना वस्तीत काय येणार?

या तीन प्रश्नांवर माझा प्रस्ताव असा. वर्गणीवर पहिला हक्क पडताळणी, परीक्षा, मुलाखत, कोर्ट आणि दवाखान्याच्या फेऱ्यांचा. त्यात भाडंही द्यायचं आणि सोबत जाणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरीही. दुसरा हक्क येवल्याचा, वस्तीतल्या प्रत्येक शाळकरी पोराला एकदा तरी न्यायचं. तिसरा हक्क ज्या मजुरांनी चैत्यभूमी अजून पाहिलेली नाही त्यांचा. पगारदारांनी आपलं तिकीट स्वतः काढावं, जमलं तर आणखी एकाचं. बोधगयेला जरूर जा, पण स्वतःच्या खिशातून आणि तो कायदा वाचून.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. तिथे बोधगयेच्या बसआधी त्या पोरीच्या चौथ्या फेरीचा ठराव मी मांडणार आहे. जे विरोध करतील त्यांनी तो तिच्या आईच्या तोंडावर करावा. तुमच्या वस्तीतही अशी एक पोरगी मागच्या रांगेत बसलेली असेल. वर्गणीची वही उघडण्याआधी तिला शोधा.

जयभीम! नमो बुद्धाय!