होळीच्या आधी सीपीयू उघडा

एप्रिल लागला की वरोऱ्यातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत एकच तक्रार सुरू होते : ‘भाऊ, लयच हँग होऊन राहिला, फॉरमॅट मारून द्या.’ जरा खोदून विचारलं की पुढचं कळतं. सकाळी मशीन ठीक चालतं. दुपारी एकनंतर रेंगाळायला लागतं, पंखा घोंघावतो, तीन-साडेतीनला स्क्रीन काळी होऊन सगळं बंद पडतं. रात्री नऊला मात्र तेच मशीन मुकाट सुरू होतं. व्हायरस दुपार आणि रात्र पाहून त्रास देत नाही. दिवसाच्या उन्हाबरोबर चढणारा आणि उतरणारा बिघाड हा तापण्याचा बिघाड असतो. तरीही बहुतेक वेळा फॉरमॅट मारलाच जातो. घरचे फोटो, जुन्या पावत्या, मुलीचा प्रोजेक्ट असं सगळं त्यात जातं आणि मशीन दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बंद पडतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या भागात डेस्कटॉपची साफसफाई होळीच्या आधी झालीच पाहिजे. ती दिवाळीच्या झाडलोटीतली एक हौस नाही. त्यामागे एक आकडा आहे. डेस्कटॉपच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानांवर खोलीचं कमाल तापमान लिहिलेलं असतं, आणि बऱ्याच कंपन्या ते ३५ अंश सेल्सिअस देतात. मोठ्या डेटा सेंटरसाठी ‘अॅश्रे’ या अमेरिकी अभियंता संस्थेची शिफारस तर १८ ते २७ अंशांची आहे. आता आपल्याकडे पाहा. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वरोरा या पट्ट्यात पारा ४५-४६च्या घरात जाणं नेहमीचं आहे. टिनाच्या छताखालची किंवा पश्चिमेच्या भिंतीची खोली असेल तर संध्याकाळी सहालाही आत ३९-४० अंश असतात. म्हणजे ऊन तापायला लागल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत आपली घरं कंपनीने आखलेल्या मर्यादेच्या बाहेर असतात, आणि मशीन मात्र चालूच असतं.

प्रोसेसरवरचा हीटसिंक आणि पंखा उष्णता खोलीतल्या हवेला देतात. त्यामुळे खोली जितके अंश तापते, जवळपास तितकेच अंश प्रोसेसरही वर चढतो. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ६५ अंशांवर काम करत होता, तो तेवढ्याच कामाला ४० अंशांच्या खोलीत ८० वर जातो. इथपर्यंत चिंता नाही, हल्लीच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. पण धूळ साचून आणखी पंधरा अंश वाढले की ९५ झाले. मग प्रोसेसर आधी स्वतःचा वेग उतरवतो आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद करतो. उन्हावर आपला इलाज नाही. ते पंधरा अंश मात्र आपल्या हातात आहेत.

आणि वरोऱ्याची धूळ साधी नाही. इथे १८७०च्या दशकात इंग्रज सरकारने कोळशाची खाण चालवली, त्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. आज माजरी, एकोना भागात वेकोलिच्या खाणी आहेत, मोहबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीकडे औष्णिक वीज प्रकल्प आहेत. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण ३५-४० टक्क्यांपर्यंत असतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं होतं. हा आकडा फुप्फुसांसाठी काय सांगतो हे डॉक्टरांनी लिहावं, पण तीच हवा सीपीयूचा पंखा दिवसभर आत ओढतो. त्यात शेतांतल्या काळ्या मातीची भुकटी मिसळते, आणि हिवाळाभर जिनिंगच्या हंगामात उडणारे कापसाचे तंतू. तंतू अडकून जाळी तयार होते, कोळशाची बारीक पूड त्यात भरते, स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीच्या तेलकट वाफेने सगळं घट्ट बसतं.

हे साचतं कुठे, ते नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची सफाई इथेच चुकते. बाजूचं झाकण काढून ब्लोअर फिरवला की तळाची आणि मदरबोर्डवरची धूळ उडते, आतलं स्वच्छ दिसतं, माणूस समाधानाने झाकण लावतो. खरा थर प्रोसेसरचा पंखा आणि त्याखालच्या हीटसिंकच्या पात्या यांच्या मधे असतो. वरून पंखा फिरताना दिसतो म्हणून संशयही येत नाही. तो पंखा सोडवून उचलला की खाली राखाडी-काळा, नमद्यासारखा थर दिसतो, बोटाने उचलला तर एकसंध निघून येतो. पात्यांच्या फटी त्याने पूर्ण बुजलेल्या असतात. पंखा जोरात फिरत असतो, हवा खाली जात नसते. म्हणून पंखा सोडवल्याशिवाय केलेली सफाई मी सफाई मानत नाही.

आता हे घरी कसं करायचं. मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला भार निघून जातो. कॅबिनेट उचलून अंगणात किंवा गच्चीवर न्या, सकाळच्या सावलीत. आतल्या कशाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, आणि काम करताना मधूनमधून लावत राहा. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा फार कोरडी असते, टेरिकॉटच्या कपड्यांवर स्थिर वीज पटकन जमते आणि तिचा न दिसणारा झटका रॅमला पुरतो. सफाईला रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश आणि हँड ब्लोअर पुरेसे आहेत. ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार बोर्डवर बसतात. ओलं फडकं तर नकोच.

एसएमपीएसला, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला, बाहेरून, जाळीतून हवा मारा, पण तो उघडू नका. आपल्या २३० व्होल्टच्या लाइनीवर त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि वायर काढल्यानंतरही काही वेळ ते तिथे राहू शकतात. पंख्याचा आवाज येत असेल तर तो सरळ दुकानात द्या.

हीटसिंकही काढायचा असेल तर दोन गोष्टी. इंटेलच्या साध्या कूलरला चार खुंट्या असतात, त्या बाणाच्या दिशेने फिरवून मग वर ओढायच्या, नुसता जोर लावला की त्या तुटतात. एएमडीच्या जुन्या मॉडेलांत प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून कूलरबरोबर प्रोसेसरच उपटून येतो आणि त्याच्या बारीक पिना वाकतात. म्हणून मशीन आधी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. कूलर एकदा काढला की जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावीच लागते, मधोमध वाटाण्याएवढी. जेलवाला सॅनिटायझर चालत नाही. पात्यांच्या फटी पंखा काढून साफ होत असतील आणि पेस्टला दोन-तीनच वर्षं झाली असतील तर हीटसिंक हलवू नका.

आता खोली थंड करणाऱ्या पाण्याच्या कूलरबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण विदर्भात प्रत्येक घरी तो आहे आणि दोन्ही बाजूंनी चुका होतात. काही जण ओलाव्याच्या भीतीने संगणकाच्या खोलीत कूलर लावतच नाहीत. काही जण थेट त्याच्या तोंडासमोर सीपीयू ठेवतात. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ताट्या चांगल्या भिजलेल्या असतील तर कूलर हवेचं तापमान दहा-बारा अंशांनी सहज खाली आणतो, आणि ४० अंशांची खोली ३०-३२ वर येणं मशीनसाठी मोठं वरदान आहे. तेव्हा कूलर जरूर लावा, समोरची खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर पडेल. पण सीपीयू झोताच्या बाजूला ठेवा. झोताबरोबर येणाऱ्या सूक्ष्म थेंबांत बोअरच्या पाण्यातले क्षार असतात. ताट्यांवर साचणारा पांढरा थर हाच, तो ओल्या धुळीसकट मदरबोर्डवर बसला की गंज धरतो. मृग लागून हवा दमट झाली की कूलरने फारसा थंडावा मिळत नाही, ओलावा तेवढा वाढतो. त्या दिवसांत त्या खोलीत साधा पंखा बरा.

सीपीयूवर घातलेलं प्लॅस्टिकचं किंवा शिवलेलं कव्हर मशीन चालू असताना काढून ठेवा. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेला सीपीयू बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा आणि खाली पाट किंवा विटा ठेवा, कारण झाडताना उडणारी सगळी धूळ जमिनीलगत असते. झाकण उघडं ठेवून टेबलफॅन लावण्याचा उपाय त्या दिवसापुरता चालतो. धूळ मात्र दुप्पट वेगाने भरते, म्हणून त्याची सवय लावू नका.

एसएमपीएस आणि मदरबोर्डवरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल अभियंते एक ढोबळ नियम सांगतात : तापमान दर १० अंश वाढलं की आयुष्य निम्मं. म्हणजे धुळीचे पंधरा अंश मशीनची वर्षं खातात. जे मशीन आणखी चार वर्षं मुलांच्या अभ्यासाला पुरलं असतं ते भंगारात जातं. कापूस विकून वर्षाचा हिशेब जुळवणाऱ्या घराला नवं मशीन परवडत नाही, आणि ई-कचऱ्याचे २०२२चे नियम कागदावर कितीही चांगले असले तरी तालुक्याच्या गावात जुना बोर्ड शेवटी भंगारवाल्याकडेच जातो.

शेवटी वरोरा आणि भद्रावती तालुक्यांतल्या मुख्याध्यापकांना एक विनंती. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर संगणक कक्ष बंद असतो. दाराच्या फटीतून उन्हाळाभर धूळ आत जाते आणि पहिल्या पावसाबरोबर ती ओली होते. ती मशीन तशीच पहिल्या दिवशी एकदम सुरू करू नका. शाळा भरण्याच्या आठवडाभर आधी एक माणूस, एक ब्लोअर आणि एक ब्रश लावून प्रत्येक सीपीयू उघडून घ्या, पंखे सोडवून हीटसिंक साफ करवा, मगच वीज द्या. मोठ्या वर्गातली मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली हे शिकू शकतात, त्यांनाही सोबत घ्या.