आधी ऐका, मग खोला

जानेवारीच्या थंडीत माझ्या बारा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीत सकाळी सकाळी टकटक सुरू झाली. रेस दिली की वाढायची, दहा मिनिटांत विरून जायची. मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी पोचेपर्यंत इंजिन गरम आणि आवाज गप्प. तिथे स्कॅनर लावला, एकही कोड आला नाही. तरीही निदान झालं : "टॅपेट वाजताहेत, हेड खोलावं लागेल." सोबत पाच आकडी अंदाजपत्रक.

मी गाडी घेऊन ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बोनेट उघडण्याआधी विचारलं, "आवाज थंड इंजिनावर येतो की गरम? ऑईलचा दिवा लागतो का? चढाला वाढतो का?" उत्तरं ऐकून म्हणाले, "गाडी रात्री इथंच ठेवा. सकाळी मी सुरू करतो."

सकाळी त्यांनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनाभोवती फिरवलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडला जिथे जोडलेलं असतं, तिथे नळी थांबली. सांध्यावर काजळीचा काळा ओघळ होता. गॅस्केट फुटलं होतं. थंड असताना त्या फटीतून धूर झटक्याझटक्याने निसटे आणि हुबेहूब टॅपेटसारखा वाजे. लोखंड तापून फुगलं की फट मिटे. गॅस्केट बदललं, टकटक गेली. हेडला हातही लागला नाही.

इंजिनाचा आवाज कधी येतो आणि कोणत्या लयीत येतो, यातच अर्धं निदान असतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणून टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या गतीच्या निम्म्या लयीत, वरच्या बाजूने आणि हलकी ऐकू येते. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजलं तर आवाज खालून येतो, जड ठोक्यासारखा. इंजिन गरम होऊन ऑईल पातळ झालं की तो वाढतो. पिस्टन सिलिंडरमध्ये सैल झाला असेल तर उलट घडतं. थंडपणी खडखड आणि गरम झाल्यावर शांतता. घाटात वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर खणखण आली, तर ते नॉकिंग. तेव्हा आधी गिअर खाली घ्यावा. पावसाळ्यात सकाळी चीं करून ओरडतो तो बहुधा बेल्ट. आणि गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस दिली तरी आवाज येत नसेल, पण वेगाबरोबर घुमत वाढत असेल, तर शोध चाकाच्या बेअरिंगकडे न्यावा.

एका बाबतीत मात्र शोधत बसू नये. खालून जड ठोका येत असेल किंवा ऑईलचा लाल दिवा लागला असेल, तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टो करून न्या. "गॅरेजपर्यंत जाईल" म्हणत रेटलेल्या चार किलोमीटरांत क्रँक कामातून जातो.

निघताना मिस्त्रींनी गॅस्केटचे आणि मजुरीचे पैसे सांगितले. मी विचारलं, "आणि ऐकण्याचे?" ते म्हणाले, "त्याचे कोण देतं, साहेब?"

माझ्या मते दुखणं इथेच आहे. आपल्या बिलात दोनच रकाने असतात, पार्ट आणि मजुरी. कुणी तासभर कान लावून दोष शोधला आणि एक बोल्ट आवळला, तर आपण कुरकुरतो, "एवढंच तर केलं!" हेड खोललं की मात्र मुकाट्याने पैसे मोजतो. ऐकण्याला मोल नाही आणि बदलण्याला आहे, मग गॅरेज काय शिकणार? आज जो मुलगा आयटीआयमधून २ वर्षांचा मोटार मेकॅनिकचा कोर्स करून येतो, त्याच्या हातात पहिल्या दिवशी स्कॅनर पडतो. स्कॅनर उपयोगाचाच आहे, पण फुटलेल्या गॅस्केटचा किंवा झिजलेल्या बेअरिंगचा कोड तो देईलच असं नाही. ते ओळखणारा कान वर्षानुवर्षं थंड इंजिनांपाशी उभं राहून तयार होतो. तो वेळ कुणीतरी विकत घ्यायला हवा.

म्हणून तपासणीचा तिसरा रकाना बिलात असावा आणि आपण तो खळखळ न करता भरावा. जॉबकार्डवर आवाज कोणत्या स्थितीत ऐकला आणि काय काय तपासलं, हे लिहिलेलं असावं. आपलंही काम आहेच. सकाळचा पहिला स्टार्ट मोबाईलवर रेकॉर्ड करा, आवाज कधी येतो नि कधी जातो ते टिपून ठेवा, ऑईलची पट्टी पाहून घ्या.

यापुढे कुणी इंजिन खोलायचं म्हणालं, तर खर्च विचारण्याआधी मी एकच विचारणार आहे : "तो आवाज तुम्ही स्वतः ऐकलात का?" तुम्हीही विचारा.